मुरिएलच्या अकरा वह्या

मुरिएल थेरियोने ॲशमूरच्या शाळेच्या कँटीनमध्ये एकतीस वर्षं मुलांना जेवण वाढलं. गावात आज जी चाळिशीच्या आतबाहेरची माणसं आहेत, त्यांच्यातल्या बहुतेकांची एखादी तरी गोष्ट तिला अशी ठाऊक होती जी त्यांच्या बायकांनाही ठाऊक नव्हती. बँकेतला साहेब लहानपणी उकडलेले वाटाणे मोज्यात लपवायचा. अग्निशमन दलाचा प्रमुख सोमवारी रांगेत दोनदा उभा राहायचा, कारण शनिवार-रविवार घरी धड काही शिजलेलं नसायचं. मुरिएल दुसऱ्या खेपेलाही तितकंच वाढायची आणि त्याबद्दल कुठे बोलायची नाही.

ती राहायची बेटावर. नदी आणि बंद पडलेल्या कापडगिरणीचा कालवा यांच्यामध्ये अडकलेल्या वस्तीला सगळे बेटच म्हणत. तीन-तीन मजल्यांची लाकडी घरं, प्रत्येक मजल्याला पुढे गॅलरी, मागे अंधारा जिना. गिरणीत कामाला म्हणून आजे-पणजे क्वेबेकहून खाली आले ते इथे, आणि गिरणी गेल्यावरही पोरं-नातवंडं इथेच राहिली. रिकाम्या पडलेल्या मजल्यांवर अलीकडे सोमाली कुटुंबं येऊन राहिली होती. टेकडीवरची सुखवस्तू माणसं बेटाबद्दल बोलताना आवाज जरा खाली आणत, घरातल्या आजारी माणसाबद्दल बोलतात तसा.

मेरेडिथ स्टोन पहिल्यांदा दिसली ती मार्चमध्ये, चर्चच्या तळघरात, शनिवारच्या जेवणाला. तिशीची, पायात गमबूट, बीन्स आणि ब्राऊन ब्रेड दोनदा मागून खाणारी. नगरपालिकेने एका संस्थेला हाताशी धरून 'ॲशमूर ऐकतंय' असा उपक्रम काढला होता आणि ती त्याची प्रमुख होती. शेजारच्या टेबलाकडे वळून तिने विचारलं, "बेटावर लोक दार कुणाला उघडतात?" तिघांनी एकदम हातातले चमचे मुरिएलच्या दिशेने केले.

"मला नको ओढूस बाई त्यात," मुरिएल म्हणाली. "टेकडीवरच्यांनी आम्हाला कधी विचारलंय? कालव्यावरचा पूल बंद केला तेव्हा नाही. बस काढून घेतली तेव्हाही नाही."

"म्हणूनच तर आलेय. या वेळी आधी विचारायचं आणि मग ठरवायचं."

आधी विचारायचं, हे दोन शब्द मुरिएलच्या मनात जाऊन बसले. जेरार्डला, तिच्या नवऱ्याला, जाऊन चार वर्षं झाली होती, नोकरी सुटून दोन. तिने दोनच अटी घातल्या. माणसं बोलतील ते जसंच्या तसं लिहीन, गोड करणार नाही. आणि नाव नको म्हणाले तर नाव लागणार नाही. मेरेडिथने टेबलावरून हात पुढे केला. "शब्द दिला."

घरी आल्यावर मुरिएलने गॅलरीतूनच जिनेटला हाक मारली. जिनेट कॉर्मिए कालव्याच्या बाजूच्या त्याच रांगेत, पलीकडच्या घरात राहायची, त्याच मजल्यावर. दोघी पहिलीपासून एका बाकावरच्या. दोन गॅलऱ्यांच्या मध्ये चाकावर फिरणारी कपड्यांची दोरी होती. तिच्यावर गेली चाळीस वर्षं दोन्ही घरांचे कपडे वाळत आले होते. ओली चादर कुणाची, हे कुणी विचारायचं नाही. जिच्या बाजूला दोरी सरकेल तिने काढायची.

"तुला गुंडाळलंय त्यांनी," जिनेट म्हणाली. "गोड बोलून, साखरेत घोळवून."

"असू दे. निदान कुणी विचारतंय तरी."

"मग जा. घरात बसून रेडिओशी भांडतेस, त्यापेक्षा बरं."

मुरिएलने निळ्या कव्हरच्या वह्या आणल्या आणि दारं वाजवायला सुरुवात केली. प्रश्न दोनच होते. कशाची काळजी वाटते? आणि इथे काय व्हावंसं वाटतं? पण ती आल्या आल्या वही काढत नसे. आधी चहा व्हायचा, मग गुडघ्यांबद्दल बोलणं व्हायचं, मग मुलांबद्दल. कँटीनमध्ये ती एक गोष्ट शिकली होती. ताट हातात घेऊन उभं असलेलं पोर लगेच काही सांगत नाही. तुम्ही दुसरीकडे बघत राहिलात, वाढत राहिलात, की मग सांगतं. मोठी माणसंही तशीच निघाली.

त्याच रांगेतले, तिसऱ्या मजल्यावरचे रोझेर लाव्हॉय चौऱ्याऐंशीचे होते. गिरणीत त्यांनी जन्मभर माग दुरुस्त केले होते. सगळं बेट त्यांना रोझेरकाका म्हणायचं.

"हा जिना माझा जीव घेणार आहे पोरी," ते म्हणाले. "लिही."

मुरिएलने लिहिलं.

"आता हेही लिही. या खिडकीतून धरण दिसतं. सीमोन सोळा महिने या खाटेवर पडून होती, ती त्या पाण्याकडे बघत गेली. मला खालचा मजला नकोय. मला जिन्याला एक कठडा हवाय, धड हाताला लागेल असा. एवढंच हवंय."

तेही तिने लिहिलं, त्याच पानावर, त्याखालीच.

नदीच्या बाजूच्या रांगेत हालिमो राहायची. चार मुलं, घरात शिवणयंत्र, आणि मुलांच्या खोलीच्या भिंतीवर छतापर्यंत चढलेली काळी बुरशी. धाकटीला दमा होता. घरमालक फ्लोरिडात. हालिमोने मुरिएलचा हात धरून भिंतीला लावला. "बघ मावशी. ओली लागते ना? बारा महिने अशीच." आणि काय व्हावंसं वाटतं, असं विचारल्यावर ती लाजली. "एक मोठा चुलखंड. आम्हा बायकांना एकत्र रांधता येईल अशी एखादी खोली. इथे प्रत्येक जण आपापल्या घरात एकटं जेवतं. मला ते कळतच नाही."

मार्च संपला, नदीवरचा बर्फ फुटून वाहून गेला, जून आला. सात वह्या भरल्या, मग नऊ. ज्यांनी आधी दार किलकिलं करून वाटेला लावलं होतं, तेच आता गॅलरीतून विचारू लागले, "मुरिएल, आमचा नंबर कधी?" लोक तक्रारी सांगत, पण त्याहून जास्त सांगत ते त्यांना काय हवं होतं ते. नदीवरच्या पुलावर दिवा. पाण्यापाशी दोन बाकं. बस परत. कुणाला चर्चमध्ये फ्रेंचमधली प्रार्थना महिन्यातून एकदा तरी हवी होती. एका सतरा वर्षांच्या मुलीला बेट सोडायचंच नव्हतं आणि हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण वर्गात सगळे सोडून जाण्याच्याच गोष्टी करत.

सगळ्यात शेवटी मुरिएल जिनेटकडे गेली. शेजारीण म्हणून रोजच जायची, या वेळी वही घेऊन. जिनेट आधी हसली. "माझं काय लिहिणार तू? माझं सगळं तुला पाठ आहे." मग काचेचा कप फिरवत राहिली.

तिचा मुलगा डॅनी सहा वर्षांपूर्वी मागच्या जिन्यात सापडला होता, सुई तशीच हातात. हे बेटावर सगळ्यांना माहीत होतं. पण त्यानंतर जिनेटने मागचा जिना एकदाही वापरला नव्हता, कचऱ्याची पिशवीसुद्धा ती पुढून वळसा घालून नेत होती, हे मुरिएललाही माहीत नव्हतं.

"कधी कधी वाटतं, हे घर जाळून टाकावं," जिनेट म्हणाली. "आणि मग वाटतं, जाळलं तर तो कुठे येईल? दुसरं कुठलं घर त्याला माहीत आहे?"

मुरिएलने पेन खाली ठेवलं होतं. "लिहू हे?"

"लिही," जिनेट म्हणाली. "कुणाला तरी कळू दे, पोरगं घालवल्यावर आई कशी राहते इथे ते. नाव मात्र नको."

मुरिएलने नाव लिहिलं नाही. बाकी सगळं लिहिलं.

जुलैमध्ये तिने अकरा वह्या मेरेडिथच्या हातात दिल्या. एकशे त्रेचाळीस घरं. आठवड्याने मेरेडिथ भेटायला आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. "मी असं काही कधी वाचलं नाही," ती म्हणाली. मुरिएललाही भरून आलं. ती बोलून गेली, "बेटाला पहिल्यांदाच कुणी कान दिला गं." मेरेडिथने तिचा एक फोटो काढला, गॅलरीत, मागे वाळत घातलेले कपडे.

सप्टेंबरात जाहीर सभा ठरली, आणि तीही शाळेच्या कँटीनमध्ये. मुरिएलने निळा ब्लाऊज घातला. जिनेटला बरोबर घेऊन निघाली. वाटेत रोझेरकाकांना एका बाजूने तिने आणि दुसऱ्या बाजूने जिनेटने धरलं होतं आणि काका म्हणत होते, "दोघी दोन बाजूंना. लग्नातसुद्धा एवढा मान मिळाला नव्हता."

आत शिरल्या शिरल्या मुरिएलला दिसला तो स्वतःचाच फोटो. दारात उभा, माणसाएवढा. खाली अक्षरं : 'बेटाला पहिल्यांदाच कुणी कान दिला – मुरिएल थेरियो, रहिवासी.' आणि वर, त्याहून मोठी अक्षरं : 'तुम्ही सांगितलंत, आम्ही ऐकलं.'

भिंतीला लागून एकामागे एक फलक उभे होते. पहिल्या काहींवर लोकांचे शब्द, पुढच्या फलकांवर चित्रं. चित्रांत कालव्याकाठी झाडं होती, काचेचं हॉटेल होतं, सायकलवरून जाणारी सडपातळ माणसं होती. कालव्याच्या बाजूच्या घरांची आख्खी रांग नव्हती. तिथल्या लोकांना महामार्गाजवळच्या नव्या इमारतीत 'प्राधान्याने' जागा मिळणार होती. दहापैकी आठ रहिवासी आपल्या घराबद्दल असमाधानी आहेत, असं एका फलकावर होतं आणि खाली बारीक अक्षरांत आधार दिला होता : घरोघरच्या मुलाखती.

'हा जिना माझा जीव घेणार आहे', असं एका फलकावर होतं. त्यानंतर पूर्णविराम.

मुरिएलने पुढचा फलक वाचला. 'हे घर जाळून टाकावंसं वाटतं. – मागच्या जिन्यात मुलगा गमावलेली आई.' नाव नव्हतं. कालव्याच्या रांगेत अशी आई एकच होती.

जिनेट शेजारीच उभी होती. तिने फलक एकदा वाचला. मग पर्स उघडून चष्मा काढला, घातला आणि पुन्हा वाचला. आजूबाजूची माणसं हळूहळू सरकून लांब झाली.

"जिनेट," मुरिएल म्हणाली. "मी असं... पुढचं वाक्य होतं. मी लिहिलं होतं पुढचं वाक्य."

जिनेटने तिच्याकडे पाहिलं नाही. कोटाची बटणं लावली, खालून वर, एकेक, आणि निघून गेली.

मुरिएल तिच्या मागे जाणार, तेवढ्यात हालिमो समोर आली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मावशी, मी भिंत ओली आहे म्हणाले होते. भिंत पाडा कुठे म्हणाले?"

हालिमोची नदीकडची रांग पाडण्याच्या दुसऱ्या टप्प्यात होती.

रोझेरकाका काठीवर भार देऊन चित्रांपाशी वाकले होते. "पोरी, इकडे ये," त्यांनी फ्रेंचमध्ये हाक मारली. "चष्मा लाव. नकाशा बघताना आधी कोपरा वाचायचा, गिरणीत आम्हाला पहिल्या दिवशी शिकवायचे. काय लिहिलंय कोपऱ्यात?"

कोपऱ्यात वास्तुविशारदाचं नाव होतं आणि तारीख होती. तारीख गेल्या नोव्हेंबरची होती.

मुरिएलने ती तीनदा वाचली. मार्चमध्ये ती पहिलं दार वाजवायला निघाली तेव्हा ही झाडं, हे हॉटेल, या सायकली काढून झालेल्या होत्या. तिच्या वह्यांवरून काही ठरणारच नव्हतं. जे ठरलं होतं त्यावर चिकटवायला त्यांना लोकांचे शब्द हवे होते, आणि लोक ते शब्द फक्त तिलाच देणार होते.

मेरेडिथ तिला स्वयंपाकघराच्या दाराशी सापडली, जिथे मुरिएलने एकतीस वर्षं एप्रन अडकवला होता.

"तुला माहीत होतं?"

"आराखडा आहे हे माहीत होतं," मेरेडिथ म्हणाली. "पण नुसता प्राथमिक. मला सांगितलं होतं की लोकांच्या म्हणण्याप्रमाणे बदलतील. मी सगळं वर पाठवलं, मुरिएल. सगळं, शब्द न् शब्द. निवड माझी नव्हती."

"आणि जिनेट?"

"नाव कुठे घातलंय?"

"तू दोनदा मागून जेवलीस आमच्यात बसून," मुरिएल म्हणाली. "माझ्या वह्या परत दे."

"त्या आता प्रकल्पाच्या आहेत. मी विचारून बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुरिएल गॅलरीत आली तर कपड्यांची दोरी खाली अंगणात पडली होती. पलीकडून सोडलेली. तिचे दोन टॉवेल आणि जेरार्डचा जुना शर्ट, जो ती अजून घरात घालायची, घडी करून तिच्या पायपुसण्यावर ठेवलेले होते. तिने जिनेटचं दार वाजवलं. आत रेडिओ चालू होता. दार वाजल्यावर तो बंद झाला, पण दार उघडलं नाही.

बेटावर काय काय बोललं जात होतं ते तिच्या कानावर येत होतं. टेकडीवर नवीन घर मिळालंय म्हणे तिला. पगार घेऊन हेरगिरी केली. दुकानातल्या बाईने एकदा सुटे पैसे हातात न देता काउंटरवर ठेवले. मुरिएलला राग यायचा आणि लगेच वाटायचं, यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. फोटो तर माझाच आहे.

ऑक्टोबरात या आराखड्यावर नगरपालिकेच्या कौन्सिलचं मतदान होतं. वह्या परत मिळाल्या नव्हत्या. मेरेडिथचा फोन आता दुसरंच कुणी उचलायचं. तेव्हा मुरिएल पुन्हा एकदा सगळी दारं वाजवायला निघाली, या वेळी रिकाम्या हाताने. "मला काही सांगू नका," ती उंबऱ्यातूनच म्हणायची. "तुमचं तुम्हीच येऊन सांगा त्यांना. मी नुसतं न्यायला येईन." अर्धी दारं उघडलीच नाहीत. एकाने खिडकीतून विचारलं, "या वेळी कुणासाठी आलीस?" ती पुढच्या दाराकडे गेली.

एकतीस जण आले. हालिमो सहा बायकांना घेऊन आली. "मला राग आहे तुझा," ती मुरिएलच्या गाडीत बसता बसता म्हणाली, "पण चालत गेले तर उशीर होईल." रोझेरकाकांना जिने उतरायला वीस मिनिटं लागली आणि कौन्सिलने त्यांना बोलायला तीन दिली. त्यांनी त्यांतली दोन नुसतं धरणाबद्दल घालवली. हालिमोने कौन्सिलला भिंत ओली म्हणजे काय ते समजावून सांगितलं. मुरिएलची पाळी आली तेव्हा तिने फार काही म्हटलं नाही.

"माझा फोटो तुम्ही दारात लावलात. त्याखालचं वाक्य मी बोलले होते. तेव्हा मला ते खरं वाटत होतं. आज मी ते परत घेते."

ठराव पाच विरुद्ध दोन मतांनी पास झाला. पाचांतला एक अग्निशमन दलाचा प्रमुख होता. हात वर करताना तो टेबलाकडे बघत होता.

वह्या आल्या डिसेंबरात, सरकारी कागद मागण्याच्या कायद्याखाली अर्ज केल्यावर. मूळ वह्या नव्हेत, नुसत्या छायाप्रती, खोका भरून. प्रत्येक पानावर नावं काळ्या शाईने खोडली होती. रोझेर, हालिमो, बुटाच्या दुकानाचं नाव, इतकंच काय, एका मांजराचंसुद्धा. खाजगीपणा जपण्यासाठी, असं वरच्या पत्रात होतं. मुरिएल स्वयंपाकघरात बसून ती काळी पानं उलटत राहिली आणि पहिल्यांदा रडली. इतके दिवस ती नुसती धावत होती.

कालव्याची रांग पुढच्या मे महिन्यात पाडली, मुरिएलचं घर धरून. दुसरा टप्पा पैशांअभावी अडला तो अडलाच, म्हणून हालिमोची रांग उभी आहे. कौन्सिलमध्ये हालिमो बोलली ते स्थानिक वर्तमानपत्राने छापलं होतं, त्यामुळे आरोग्य खात्याचा माणूस भिंत बघायला आला आणि फ्लोरिडातल्या मालकाला ती दुरुस्त करावी लागली. मुरिएलने त्याच घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. रोझेरकाका महामार्गाजवळच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. "गुडघे एकदम छान," असं ते सगळ्यांना सांगतात. खिडकीतून त्यांना टायरचं दुकान दिसतं.

जिनेट कुणाला न सांगता बहिणीकडे गेली, चाळीस मैलांवर. घर पाडण्याच्या आधीच. मुरिएलने दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. तिसरं पत्र लिहायच्या ऐवजी ऑगस्टातल्या एका रविवारी ती गाडी काढून गेली.

दार जिनेटनेच उघडलं. ती बारीक झाली होती. आत ये म्हणाली नाही, पण दारही लावलं नाही. बाहेर पायरीवर आली आणि मागे दार ओढून घेतलं.

"घर पाडताना तू होतीस?" तिने विचारलं.

"होते."

"मागचा जिना?"

"तो शेवटी पाडला. एका बाजूने ओढला आणि सगळा एकदम आला खाली."

जिनेटने मान हलवली.

"तू विचारलं होतंस मला," जिनेट म्हणाली. "'लिहू हे?' म्हणून विचारलं होतंस. मी हो म्हटलं. बहिणीला वाटतं मी तुझ्यावर रुसलेय. ते तर आहेच. पण मी हो का म्हटलं, तेच मला अजून कळत नाही. सहा वर्षं कुणाला बोलले नव्हते."

"मी विचारायलाच नको होतं."

"नाही," जिनेट म्हणाली. "तू विचारलंस ते बरं वाटलं होतं. तेवढे दोन महिने बरं वाटलं होतं. तेच तर त्यांनी नेलं."

मुरिएलने हात पुढे केला नाही आणि जिनेटनेही नाही. आतून बहिणीने काहीतरी विचारलं, जिनेटने "येते" म्हणून उत्तर दिलं. मग गाडीकडे बघून म्हणाली, "मागचं चाक बसलंय तुझं. पुढच्या चौकात हवा भर, नाहीतर वाटेत अडकशील."

"भरते."

"आणि पत्र पाठवत जाऊ नकोस. यायचं असलं तर ये."

ती आत गेली. मुरिएल चौकापर्यंत हळूहळू गेली, हवा भरली आणि बेटाकडे परत निघाली.